शिलालेखाला ऑइलपेंट फासण्याआधी एवढं वाचा

जीर्णोद्धार किंवा उत्सव जवळ आला की पेठेतल्या एखाद्या देवळाच्या चौकटीवरचा, दीपमाळेवरचा लेख एका रात्रीत चकचकीत होतो. दगड काळा, अक्षरं सोनेरी. हेतू चांगलाच असतो, पण लेख त्या रात्री संपतो.

पेंटर अक्षर वाचत नाही, खाच भरतो. आपल्याकडचा दगड बेसॉल्ट. दोन-तीनशे वर्षांत खाचा उथळ होतात, शेजारी टवके उडतात. टवकाही रंगला की १ चा ९ होतो. शके १६५१ चं १६५९ झालं म्हणजे आठ वर्षं गेली, आणि मग तोच आकडा मंडळाच्या स्मरणिकेत छापला जातो. शिवाय रंगाच्या थरामागे ओल अडकते, क्षार फुगतात आणि पापुद्र्याबरोबर अक्षरही सुटतं.

लेख वाचायला रंग लागतच नाही. तिरपा उजेड पुरतो. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर जा. नाहीतर अंधार पडल्यावर मोबाइलचा टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून एका बाजूने धरा आणि फोटो समोरून काढा. मग टॉर्च उरलेल्या तीन बाजूंनी. एका फोटोत न दिसलेली वेलांटी दुसऱ्यात उठते. खडू, पीठ, हळद काही चोळू नका. फारसी लेखांची अक्षरं बहुधा उठावदार, म्हणजे दगडातून वर आलेली असतात, देवनागरी खोदलेली. त्यामुळे फारसी लेखावर सावली उलट पडते, गोंधळू नका.

आता साल. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे शाळेत शिकलेलं अर्धंच खरं. जानेवारीपासून चैत्र पाडव्यापर्यंत ७९ मिळवायचे. शनिवारवाड्याची पायाभरणी शके १६५१ च्या माघातली, म्हणून १० जानेवारी १७३०. डोळे मिटून ७८ मिळवणाऱ्याला १७२९ मिळतं. लेखाची माहिती देणाऱ्या नव्या पाट्यांवर ही चूक होऊ शकते, म्हणून शक, महिना, तिथी आणि इसवी सन चारही लिहा.

नवी पाटी मूळ दगडावर ठोकायची नाही, शेजारी वेगळ्या खांबावर लावायची. पितळेची पाटी भंगारात जाते, आणि टिकली तरी घासून घासून अक्षरं बुजतात. छापील स्टिकर उन्हात विटतो, त्यातही लाल आधी. कोरलेला ग्रॅनाइट टिकतो, पण पॉलिश नको. वाचताना स्वतःचाच चेहरा दिसतो. तीन मीटरवरून वाचायचं असेल तर अक्षर निदान २५ मिलिमीटर उंच हवं. एवढ्या जागेत काय, कुठे, केव्हा हे मावतं. उद्घाटकांची यादी मावत नाही, हा फायदाच समजा.

वीरगळांचे, म्हणजे लढताना मेलेल्या वीरांच्या स्मारकशिळांचे, हाल आणखी वेगळे. जिल्ह्यातल्या गावागावांत पाराखाली पडलेले वीरगळ 'सुशोभीकरणा'त सिमेंटच्या ओट्यात रोवले जातात. वीरगळ खालून वर वाचायचा: तळाला लढाई किंवा मरण, मध्ये अप्सरा वीराला नेताना, वर शिवपूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. ओट्यात गाडला जातो तो नेमका तळचा पट, म्हणजे माणूस कशात मेला तेच. उभा करायचाच असेल तर आधी चारही बाजूंचे फोटो आणि मापं घ्या, तळचा पट पूर्ण बाहेर ठेवा, सिमेंटऐवजी चुना वापरा.

रंग आधीच लागलेला असेल तर तारेचा ब्रश, ॲसिड, ग्राइंडर यातलं काही नको. जाणकार संवर्धक आधी कोपऱ्यातल्या दोन बोटं जागेवर चाचणी घेतो. तो मिळेपर्यंत रंग तसाच राहू द्या.