सिमेट्रिक स्पेसमध्ये गॉस मॅप ‘जसाच्या तसा’ चालत नाही

एक दावा सारखा शेअर होतोय: सरफेसच्या प्रत्येक बिंदूवरचा युनिट नॉर्मल (सरफेसला काटकोनात उभा, १ लांबीचा बाण) उचलून एका ठरलेल्या जागी ठेवायचा, तो गॉस मॅप, त्याचं डेरिव्हेटिव्ह म्हणजे शेप ऑपरेटर (सरफेस कुठल्या दिशेला किती वाकतो ते सांगणारा), डिटरमिनंट म्हणजे गॉस वक्रता, आणि सिमेट्रिक स्पेसमध्येही (अशी जागा, जी कुठल्याही बिंदूतून आरपार उलटवली तरी अंतरं बदलत नाहीत) हेच सगळं चालतं कारण तिथे सगळे बिंदू सारखेच. सपाट त्रिमितीत हे सोळा आणे खरंय, १८२७ मध्ये गॉसनेच मांडलंय. पण पुढचं नाही.

आधी ते ‘उचलून ठेवणं’च बघू. वक्र स्पेसमध्ये नॉर्मल कुठल्या वाटेने न्यायचा? वाट बदलली की पोचणारा व्हेक्टरही बदलतो. त्रिमितीय स्फिअर म्हणजे युनिट क्वाटर्निअन (चार घटकांच्या, १ लांबीच्या संख्या, ज्यांच्या गुणाकारात क्रम महत्त्वाचा), तिथे गुणाकाराने नेता येतं, ही मोठी सोय आहे, पण डावीकडून गुणायचं की उजवीकडून हे कोणीतरी ठरवावं लागतंच. क्लिफर्ड टोरस घ्या (याच स्फिअरमधला, दोन सारख्या वर्तुळांच्या गुणाकाराने बनलेला सरफेस), त्यावर आल्फा आणि बीटा असे दोन कोन. मी हातानेच गुणाकार करून बघितला: डावीकडून नेलं तर उत्तरात फक्त बीटा वजा आल्फा उरतं, उजवीकडून नेलं तर आल्फा अधिक बीटा. दोन्ही वेळा अख्खा टोरस एका मोठ्या वर्तुळावर जाऊन बसतो, पण मॅप दोन वेगळे आहेत.

डेरिव्हेटिव्ह म्हणजे शेप ऑपरेटर? त्याच स्फिअरमधलं विषुववृत्त घ्या (इथे ते वर्तुळ नव्हे, नेहमीचा गोल), म्हणजे शुद्ध काल्पनिक युनिट क्वाटर्निअन. नॉर्मल सगळीकडे १ हाच आकडा, हलतच नाही, शेप ऑपरेटर शून्य. आता तो डावीकडून न्या: क्यू बिंदूवरचा नॉर्मल वजा क्यू होतो, म्हणजे मॅप एकास एक आहे आणि अख्खा गोल पृष्ठभाग व्यापतो! कारण डेरिव्हेटिव्हमध्ये शेप ऑपरेटरबरोबर ९० अंशांचं एक रोटेशन मिसळलेलं असतं, आणि ते स्पेसचं असतं, सरफेसचं नाही.

वक्रतेचं म्हणाल तर त्या रोटेशनमुळेच डिटरमिनंट ‘मुख्य वक्रतांचा गुणाकार अधिक १’ येतो (मुख्य वक्रता म्हणजे सरफेस सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी किती वाकतो ते आकडे), आणि खरी गॉस वक्रता तीच (म्हणजे दाव्यातला हा भाग इथे खरा ठरतो, पण शेप ऑपरेटरच्या जोरावर नाही). क्लिफर्ड टोरसच्या मुख्य वक्रता १ आणि वजा १, गुणाकार वजा १, तरी टोरस सपाट. हायपरबोलिक स्पेसमध्ये (जिथे जागेची वक्रता सगळीकडे वजा १) उलटं, तिथे १ वजा करायचा: होरोस्फिअरच्या (केंद्र अनंतावर गेलेला स्फिअर) दोन्ही मुख्य वक्रता १, आणि तोही सपाटच.

राहिलं ‘सगळे बिंदू सारखे’. बिंदू सारखे आहेत हो, पण दिशा? कॉम्प्लेक्स प्रोजेक्टिव्ह स्पेसमध्ये (कॉम्प्लेक्स संख्यांवरच्या, मूळबिंदूतून जाणाऱ्या रेषांची जागा; कॉम्प्लेक्स मिती २ किंवा जास्त) एका बिंदूतल्या सगळ्या दिशा सिमेट्रीने एकमेकींवर नेता येतात, तरीही नॉर्मल ठरला की टँजंटच्या (सरफेसला चिकटून जाणाऱ्या) दिशांमधली एक वेगळी पडते, नॉर्मलला आय ने गुणून येणारी. म्हणून तिथल्या जिओडेसिक स्फिअरलासुद्धा (एका बिंदूपासून सारख्या अंतरावरचे सगळे बिंदू) दोन वेगळ्या मुख्य वक्रता असतात, आर त्रिज्येला कॉट आर आणि २ कॉट २आर, आणि पूर्ण अंबिलिक (सगळ्या दिशांना सारखाच वाकणारा) हायपरसरफेस (स्पेसपेक्षा एकच मिती कमी असलेला सरफेस) तिथे एकही नाही. दोन स्फिअरच्या गुणाकारात तर दिशाही सारख्या नाहीत: एका घटकाला धरून जाणारा नॉर्मल आणि दोन्ही घटकांमध्ये तिरका जाणारा नॉर्मल, या दोघांना कुठलीच सिमेट्री एकमेकांवर नेत नाही. त्यामुळे तिथे नॉर्मल कुठे पोचला याच्या आधी तो कुठल्या जातीचा आहे हे लिहावं लागतं, आणि एकाच हायपरसरफेसवर ही जात बिंदूगणिक बदलू शकते.