लेकीचे आवळलेले खांदे

मार खाल्लेलं मूल मोठेपणी हात उगारतं, असं एका लेखात वाचलं. ते मी घरातच पाहिलंय. गोव्यात, डिचोलीत आजोबा बाबांना फोकाने मारायचे, बाबा आम्हाला पट्ट्याने. आई तेव्हा घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसायची. तो आवाज आला की आजही पोटात गोळा येतो. पण असं होणारच, हे मला मान्य नाही. माझ्या थोरल्या भावाने मुलांना कधी चापटही मारली नाही. २००३ च्या गोवा बाल कायद्याने शाळेतली छडी बंद केली; घरातल्या पट्ट्याला कोण विचारतो? गेल्या चतुर्थीला गणपतीवर फळाभाज्यांची माटोळी बांधताना लेकीच्या हातून नारळ निसटला. माझा हात वर गेला. तिने डोळे मिटून खांदे आवळले, मी आवळायचो तसेच. रात्री तिची माफी मागितली. बाबांशी अजून बोललेलो नाही.