जुनी पेन्शन कोण देणार?
पेन्शनसाठी प्रत्येकाचं स्वतःचं बचत खातं, म्हणजे पर्सनल अकाउंट आलं की सरकारवरचा पेन्शनचा बोजा गेला, हे पेन्शनवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही बुवा. पगारातल्या कपातीवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीत आज कामावर असलेल्यांच्या कपातीतूनच आजच्या म्हाताऱ्यांची पेन्शन निघते, मग ती कपात ज्याच्या त्याच्या खात्यात वळवली तर त्यांना पैसे कुठून देणार? टॅक्स नाहीतर कर्ज, आणि तेही जुने पेन्शनर आहेत तोवर.

चिलीने १९८१ मध्ये पगाराचे १० टक्के असे खात्यात टाकायला लावले, तिथेही हा खर्च सरकारनेच उचलला, वर ज्यांची खाती तुटपुंजी राहिली त्यांच्यासाठी २००८ मध्ये सरकारी पैशातून वेगळी पेन्शन आणावी लागली. आणि गंमत बघा, स्कीम आणली लष्करी राजवटीने पण लष्कर-पोलिसांना मात्र जुन्याच पेन्शनमध्ये ठेवलं!