ओळख शेवटच्या ओळीपर्यंत लपवू नका

आज एका कथास्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालेली रहस्यकथा वाचली आणि डोकं तापलं. राग लिहिणाऱ्यावर नाही. राग आहे स्पर्धेच्या अटीवर: ‘शेवटच्या ओळीत धक्का आवश्यक.’

कथा अशी. वाचनालयातला कारकून, बायको नाहीशी झालेली. एक नवी बाई सभासद होते. बायकोनं नेलेली पुस्तकं ती त्याच क्रमानं नेते, पानांचे कोपरेही तसेच दुमडते. कारकून झपाटतो, तिच्या मागावर राहतो. शेवटची ओळ: ती बायकोची धाकटी बहीण, ‘ह्यानंच ताईला मारलं का’ हे शोधायला आलेली. कथा समाप्त!

अहो, इथे तर कथा तापायला लागली होती. ज्याच्यावर खुनाचा संशय आहे त्याच्याच टेबलासमोर ही बाई रोज उभी राहते, ताईच्या सहीतली वेलांटी गिरवून येते, त्याची नजर आपल्या हातावर आहे हे ओळखते. हे सगळं वाचकाला मिळालंच नाही, कारण धक्का वाचवायचा होता.

हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. न पाहिलेल्यांसाठी एवढंच: स्कॉटी हा माजी पोलीस मित्राच्या बायकोच्या, मॅडलिनच्या, मागावर राहतो, तिच्या प्रेमात पडतो, ती मेली असं त्याला वाटतं, आणि मग तिच्यासारखीच दिसणारी जूडी भेटते. ब्वालो आणि नार्सजाक या फ्रेंच जोडीची मूळ कादंबरी 1954 ची. तिच्यात दुसरी बाई खरी कोण, हे अगदी शेवटी कळतं. हिचकॉकनं 1958 साली चित्रपट करताना ते उचलून साधारण अर्धा तास आधी आणलं. जूडी पत्र लिहायला बसते, मॅडलिनचं सोंग तिनंच घेतलं होतं हे आपल्याला कळतं, ती पत्र फाडते. स्कॉटीला मात्र काहीच माहीत नाही. हा प्रसंग ठेवायचा की कापायचा, यावर तेव्हा वादही झाला होता.

तो ठेवल्यानं काय झालं बघा. स्कॉटी तिला कपड्यांच्या दुकानात नेतो आणि मॅडलिनसारखाच करडा सूट हवा म्हणून हट्ट धरतो. गुपित झाकलेलं असतं तर आपल्याला फक्त त्याचं वेड दिसलं असतं. आता तिची कोंडी दिसते: जे सोंग तिनं पैशासाठी घेतलं होतं, तेच आता प्रेमापोटी पुन्हा चढवायचं. केस सोनेरी करून येते, पण मोकळे. तो म्हणतो, बांध. ती बांधते. त्या एका अंबाड्यात त्याचं वेडही आहे आणि तिची शिक्षाही.

आणि तो हार! आधी संग्रहालयातल्या चित्रात दिसतो, तेव्हा तो मॅडलिनला झपाटणाऱ्या, फार पूर्वी मेलेल्या कार्लोटाच्या गोष्टीचा भाग असतो. नंतर तोच जूडीच्या गळ्यात दिसतो आणि तिला उघडं पाडतो. खूण पेरायची ती अशी: पहिल्यांदा तिला दुसरं, खरंखुरं काम द्यायचं. नुसती पुढच्यासाठी ठेवलेली खूण वाचक तिसऱ्या पानावर पकडतो. आजच्या कथेत दुमडलेले कोपरे चार वेळा येतात आणि चारही वेळा त्यांना तेवढंच काम आहे. दोनदा पुरे होते, आणि त्यातही पहिल्यांदा कारकुनानं दुमडल्या पानाचा नुसता दंड मागायला हवा होता.

मान्य, ‘पाठलाग’ या मराठी चित्रपटात जुळ्या बहिणीचं रहस्य उशिरापर्यंत झाकलेलं आहे आणि तरी तो खिळवतो. पण तिथे ‘ही बाई कोण?’ हा प्रश्न भर कोर्टात विचारलेला असतो. वाचकाला प्रश्नच माहीत नसताना उत्तर तोंडावर फेकणं निराळं.

पॅट्रिशिया हायस्मिथबाईंच्या कादंबरीतला रिप्ली तर खून करून आपल्या डोळ्यांसमोर मेलेल्याचं नाव घेतो. सही त्याची, कपडे त्याचे, पत्रंही त्याच्या नावानं. आपल्याला सगळं ठाऊक, आणि दारावर टकटक झाली की घाम आपल्याला फुटतो.

आता त्या लेखकाशी थोडं मायेनं बोलते, कारण रजिस्टरवर सही करताना बाईचा हात थरथरतो आणि ती पदर सावरल्यासारखं करते, ही जागा फार सुरेख आहे. हे ज्याला सुचतं त्याला लिहिता येतं. तीन हजार शब्दांची कथा असेल तर अठराशेच्या आसपास बहिणीच्या बाजूला या. सोंग पूर्ण जमू देऊ नका. चौथं पुस्तक तिनं चुकीचं मागावं आणि कारकुनानं न बोलता बरोबर पुस्तक पुढे सरकवावं. पुढच्या खेपेला त्यानं म्हणावं, वेणी नको, अंबाडा घाला. तिथून तो तिला घडवायला लागतो आणि तिला कळत नाही, हा बायकोला शोधतोय की आपल्याला ओळखून खेळवतोय.

तिच्या मनात शिरल्यावर एक पथ्य पाळा. तिनं वाचकापासून काही राखून ठेवलं तर चालेल, स्वतःशी खोटं बोलायचं नाही. शेवट माहीत असताना पहिलं पान पुन्हा वाचा, एकही वाक्य खोटं पडता कामा नये.

आणि ओळख उघडली म्हणजे हातातलं सगळं संपलं, ही भीती काढून टाका. त्यानं खून केलाय की नाही, हे अजून झाकलेलंच आहे ना? ते बहिणीलाही माहीत नाही. संध्याकाळी वाचनालय बंद करताना त्यानं तिला थांबायला सांगितलं, तर ती थांबेल का, तिथून पुढे लिहा.