निळ्या उजेडातली करंगळी

मुलीने छताच्या कडेने रंग बदलणारी एलईडीची पट्टी चिकटवली, रिमोट स्वतःकडे ठेवला आणि तेव्हापासून माझी चाल तिच्या ताब्यात गेली.

सगळ्यात वाईट निळा. निळ्या उजेडात मी चंद्रावर उतरलेल्या माणसासारखा चालतो: आधी चाचपणी, मग वजन. तरीही पलंगाचा कोपरा करंगळीला बरोबर सापडतो. यात दोष माझा नाही, डोळ्याच्या घडणीचा आहे. डोळ्याचं भिंग निळा प्रकाश लालपेक्षा जास्त वाकवतं. त्यामुळे निळी प्रतिमा दृष्टिपटलाच्या जरा अलीकडेच उमटते आणि वस्तूंच्या कडा पुसट होतात. शिवाय बारीक पाहण्याचं काम ज्या मधल्या ठिपक्याकडे असतं, त्याच्या ऐन मध्यात निळा रंग टिपणाऱ्या शंकुपेशी जवळपास नसतातच. म्हणजे निळ्या उजेडात पलंग चुकवायची सोय निसर्गानेच ठेवलेली नाही. हे सगळं मी करंगळी धरून, एका पायावर उभं राहून समजावलं.

"पण बाबा, व्हाइब बघ ना!"

लाल उजेडाने म्हणे अंगात जोर येतो. माझ्या अंगात फक्त संशय आला. बायकोने लाल पेनाने लिहिलेली सामानाची यादी मी डोळ्यांसमोर धरली, तर कागद कोरा. लाल उजेड कागदही परत पाठवतो आणि लाल शाईही. मग अक्षरं दिसणार कशी? मी म्हणालो, "यात तर काहीच आणायचं नाही." पुढचं बोलणं पांढऱ्या उजेडात झालं.

गुलाबीवर मात्र माझी भिस्त होती. १९७९ मध्ये अलेक्झांडर शाउस या संशोधकाच्या कल्पनेवरून अमेरिकेतल्या सिअॅटलच्या नौदल तुरुंगातली कोठडी गुलाबी रंगवली होती. आतला माणूस मवाळ होतो, हातातला जोर उतरतो, असा मोठा बोलबाला झाला. पुढे इतरांनी काटेकोरपणे तपासलं, तर परिणाम काही हाती लागला नाही. आमच्याकडेही लागत नाही. उलट गुलाबी लागला की रिमोटची ओढाताण वाढते.

रात्री उठायचं असेल तर मंद लाल बरा, हे मान्य. अंधारात पाहणाऱ्या दंडपेशींना लाल प्रकाश फारसा कळत नाही, त्यामुळे अंधाराला सरावलेले डोळे तसेच राहतात. पण हे सांगायला मुलीला उठवावं लागतं. रिमोट तिच्या उशीखाली असतो.

आता तिला पट्टीतला नवा गुण सापडलाय: आवाज ऐकून रंग बदलणं. मी खोकलो की हिरवा, शिंकलो की जांभळा. आवाज चढला की खोली लालभडक होऊन लुकलुकते आणि समोरच्या इमारतीतली माणसं गॅलरीत येऊन उभी राहतात. त्यामुळे काल वीजबिलावरचं अख्खं भांडण आम्ही दोघांनी कुजबुजत केलं.