खुलासा: 'गोल्ड' लिहिलं म्हणजे एसएमपीएस भरवशाचा, असं नाही

"८० प्लस गोल्ड बघा आणि डोळे झाकून घ्या," हा सल्ला कंप्युटरचा एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा सप्लाय, घेणाऱ्यांत सध्या बराच फिरतोय. तो चुकीचा आहे. हा शिक्का फक्त कार्यक्षमता, म्हणजे ओढलेल्या विजेतली किती कंप्युटरपर्यंत पोचते, ते सांगतो: ११५ व्होल्टच्या चाचणीत २०, ५० आणि १०० टक्के भाराला अनुक्रमे किमान ८७, ९० आणि ८७ टक्के. वीज वाचते, हे खरंच. पण चाचणी होते साधारण २३ अंशांत. नागपूरच्या मे महिन्यात कॅबिनेटच्या आत काय होईल, ते त्यातून कळत नाही. कपॅसिटरचा दर्जा किंवा जादा भाराला सप्लाय वेळेवर बंद पडतो का, हेही नाही.

गिगाबाइट कंपनीचा जीपी-पी७५०जीएम हा एसएमपीएस गोल्डच होता. २०२१ मध्ये चाचण्यांत त्याचे नग स्फोट होऊन निकामी झाले. मग कंपनीने जादा भाराला सप्लाय बंद पडण्याची मर्यादा पूर्ण भाराच्या १२०-१५० टक्क्यांवरून ११०-१२० वर आणली आणि नग बदलून देण्याची तयारी दाखवली.

म्हणून नेमक्या त्याच मॉडेलची स्वतंत्र चाचणी वाचा. नुसत्या ब्रँडवरही जाऊ नका. एकाच कंपनीच्या दोन मालिका वेगवेगळ्या कारखान्यांतून येऊ शकतात. वॉरंटी किती वर्षांची आणि ती भारतात कोण देणार, हे बिल करण्याआधी दुकानदाराला विचाराच.