टीव्हीच्या पलीकडचं लिक्विड क्रिस्टल

तुमचा लिक्विड क्रिस्टलवरचा (द्रवासारखं वाहणारं, पण आतले रेणू स्फटिकासारखे शिस्तीत असलेलं) लेख भारी झालाय, पण लिक्विड क्रिस्टल म्हणजे टीव्हीचा पडदा एवढ्यावरच संपवलंत राव. मुळात हे सापडलं १८८८ ला, रायनिट्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला, गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलवर काम करताना, त्याचं बेंझोएट (बेंझोइक आम्लाशी जोडून केलेलं संयुग) १४५ डिग्रीच्या आसपास वितळून गढूळ व्हायचं आणि पुढं १७८ च्या पुढं एकदम नितळ, म्हणजे एकाच पदार्थाला दोन-दोन वितळणबिंदू! मधली ती गढूळ अवस्था म्हणजेच लिक्विड क्रिस्टल.

कोलेस्टेरॉल हे एक स्टेरॉइड, आता त्याच स्टेरॉइडला साखरेचा रेणू जोडला की खरी मजा. साखरेच्या टोकाला पाणी लागतं आणि स्टेरॉइडला पाण्याचं वावडं, मग रेणू आपोआप साखरेला साखर, स्टेरॉइडला स्टेरॉइड असे थरात बसतात, कुणी बसवावं लागत नाही. साखरेतले हायड्रोजन बंध थर धरून ठेवतात, म्हणून तापवलं तरी लगेच विस्कटत नाही. पाण्यात टाकलं तर कधी गोळे, कधी तंतू, कधी चक्क जेल.

आमच्या कोल्हापूरकडं साखर म्हटलं की ऊस, गुऱ्हाळ आणि काकवी एवढंच डोळ्यासमोर येतं (त्यात वाईट काय न्हाई म्हणा), पण शतावरीच्या मुळातली सॅपोनिनंसुद्धा (साबणासारखा फेस देणारी द्रव्यं) स्टेरॉइडला साखर चिकटलेलीच की, पाण्यात घुसळली की फेस येतो तो त्यामुळंच. या साखर जोडलेल्या स्टेरॉइडवर एक वेगळा लेख टाका की!